करण्यात येत आहे

साडेपाचला कचेरीत इंग्रजी मजकूर येतो.
सातच्या आत त्याचं मराठी व्हायला हवं.
खिडकीखाली मांडवीत फेरीबोट
रिकामीच जाते, रिकामीच येते.

पलीकडच्या टेबलावर कायतान कोकणी करतो.
विचारलं, क्वारंटाइनला काय लिहितोस?
म्हणाला, क्वारंटाइन. आणि तू?
विलगीकरण.
म्हणाला, हें आयकून मनीस बरो जाता?
मास्कमागे हसलेलं दिसत नाही,
त्याची खुर्ची करकरली, तेवढ्यावरून कळलं.

सतरा वर्षं मी हीच भाषा लिहिते.
हिच्यात कुणी काही करत नाही,
सगळं करण्यात येतं.
वाडा सील करण्यात येत आहे.
नोंद घेण्यात यावी.
मृतदेह ताब्यात देण्यात येणार नाही.
शाळेत बाई कर्त्याखाली रेघ मारायला लावायच्या.
या वाक्यांवर पेन्सिल धरली
तर ती हवेतच राहते.

शनिवारी घरी गेले, मयेला.
दुपारी शाबलोची रिक्षा आली,
जत्रेतल्या नाटकाची, फुटबॉलच्या फायनलची
दवंडी देणारी, तीच.
कर्ण्याला अजून झेंडूची वाळकी माळ.
कर्ण्यातून माझंच वाक्य आलं,
कुणा अनोळखी बाईच्या आवाजात:
नागरिकांनी घाबरून जाऊ नये.
आई ओट्यावर सुपारी कातरत होती.
म्हणाली, घाबरू नये म्हणून
एवढ्यानं ओरडतात?

तळ्याकडच्या वळणावर बांबू बांधलेले.
तिथं शाबलोनं कळ दाबली.
बाई गप्प झाली.
कर्ण्यातून खाकरल्याचा आवाज आला,
आणि पटापट खिडक्या लागल्या.
मग शाबलो म्हणाला,
ही खोंकली न्हय गे, पान खालां.
शेवंतीमावशे, दार उगडूं नाका.
वखदां तुळशीकडेन दवरल्यांत.
तुज्या चल्याचो फोन आयिल्लो. तो जेवला.

जरा वेळानं एक खिडकी किलकिली झाली.
चेहरा नव्हता, नुसता हात,
पिठानं माखलेला.
तो हलला आणि आत गेला.

सोमवारी टेबलावर तक्रार:
रिक्षाचालक मंजूर मजकुराबाहेर बोलतो.
खाली साहेबांचा शेरा, समज देण्यात यावी.
मसुदा मीच करायचा.
सदर इसमास, इतकं लिहिलं
आणि पुढचा शब्द येईना.

त्या दिवशीच्या मजकुरात शेवटी होतं,
प्रशासन परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहे.
त्याच्या जागी मी लिहिलं:
हा आजार आम्हाला अजून नीट कळलेला नाही.
कळेल तसं सांगू.
कालचं चुकलं असेल तर तेही सांगू.

साहेब वाईट माणूस नव्हे.
तीन रात्री कचेरीतल्या बाकावर झोपलेला,
चष्म्याला धुक्याचा कायमचा थर.
त्यानं तांबडं पेन काढलं.
म्हणाला, लोक घाबरतील.
घाबरलेतच, मी म्हटलं.
तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, कागदावर तरी नकोत.
आणि तीन ओळींवर एकच रेघ ओढली,
सरळ नाही आली ती.

सातला मजकूर गेला. कायतानचाही गेला.
समज माझ्या खणात पडून आहे,
सदर इसमासपर्यंत.

रात्री शाबलोला फोन केला.
म्हटलं, तीन वाक्यं आहेत. मंजूर नाहीत.
तो म्हणाला, थांब, पेन घेतो.
पाठीमागे कुत्रं भुंकत होतं,
कुणीतरी ताटं घासत होतं.
पेन नको, मी म्हटलं.
आणि वाचून नाही, सांगितलं त्याला.