मर्यादा : बारा

वनदेवीच्या थांब्यामागे, झेरॉक्सच्या दुकानावर
दहा बाय बाराची खोली. कॉम्प्युटर माझा,
खुर्ची सायसिंगची,
शेतकी कॉलेजच्या लिलावातून सायकलला बांधून आणलेली.
म्हणून खेळ वाटून घ्यायचा :
एक लढाई त्याची, एक माझी.

खेळात डोंगराच्या पायथ्याला एक पाडा लागतो.
सात झोपड्या, एक मोह, थोडा धूर.
तिथं ठाणं बांधायचं. दोनशे लाकूड.
ठाणं उभं राहिलं की पाडा आपला मित्र,
तसं पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहूनच येतं,
आणि खाली बटण उगवतं : तिरंदाज.
साठ सोनं, चाळीस धान्य.
मर्यादा : बारा.

मी त्यांना जपायचो.
आधी तिन्ही सुधारणा विकत घ्यायचो, मगच बाहेर काढायचो.
चिवट दोरी : पल्ला दोनानं वाढतो.
डोंगरवाटा : चढावर दम लागत नाही.
तिसरी, विषाचा बाण, फार महाग,
तीन बाजारपेठांचं सोनं तिच्यात जायचं.

सायसिंग वसावे, मुक्काम पोस्ट धडगावच्याही वर,
पहिल्यांदा दोरीचं चित्र बघून हसत सुटला.
"ही सुताची आहे रे. पावसात सैल पडेल.
आमच्याकडं बांबूची चीप लावतात.
एक दुपार लागते. सोनं कशाला?"
आणि तरीही त्यानं ती विकत घेतली.

मला वाटलं होतं, हा तरी त्यांना मागं ठेवील.
त्यानं बाराच्या बारा पुढं काढले,
तोफांच्या तोंडी,
आणि त्यांच्या आडून घोडदळ नेलं डाव्या बाजूनं.
किल्ला पडला. बाराही पडले.
"अरे, तुझे लोक ना ते?"
त्यानं माउस पुसला शर्टाला.
"माझे लोक? साठ सोन्यात?
तू पुण्याचा, तुला वाईट वाटतंय.
मला किल्ला पाहिजे होता."

मग रात्री, वीज गेल्यावर,
खिडकीत भुर्जीच्या गाडीचा वास येत असताना,
आपणहून म्हणाला :
"क्लिक केलं की ते काय बोलतात, ऐकलंस?
ती कुठलीच भाषा नाही.
कुणीतरी स्टुडिओत घसा खरवडून ठेवलाय."
"खरं कुणी हाक मारली तर काय म्हणतील?"
तो त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाला, चार शब्द.
"म्हणजे?"
"म्हणजे, जेवलास का.
आणि नसशील जेवला, तर काम नंतर सांग."

त्याच अंधारात त्यानं लाह म्हणजे काय ते सांगितलं.
एकाचं घर उभं करायला सगळा गाव येतो,
मजुरी नाही, वही नाही,
पुढच्या वर्षी तू त्याच्याकडं जायचंस, एवढंच.
मी विचारलं, आणि नाही गेलं तर?
तो म्हणाला, असा प्रश्न तुला खेळानं शिकवला.
वीज आली. लढाई सेव्ह केलेली नव्हती.

परीक्षा झाल्या. तो गावी गेला, खुर्ची ठेवून.
आता दोन्ही लढाया माझ्याच.
ठाणं बांधतो, दोनशे लाकूड तोडतो,
पण हिरवी अक्षरं आली की हात जरा रेंगाळतो,
आणि तेवढ्यात शत्रू पूर्वेकडून आत येतो.
सलग चार वेळा हरलो.

काल त्याचा फोन. रेंज तुटत होती,
डोंगरावर चढून बोलत असावा.
"काकाचं छप्पर घालायचंय, पावसाच्या आत.
अकरा जण झालेत."
पुढचं काही म्हणाला नाही,
किंवा म्हणाला असेल, मला ऐकू आलं नाही.

वाकडेवाडीहून शहाद्याची गाडी किती वाजता
हे खालच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं.
"कशाला चाललायस?"
मला शिडीवर चढता येत नाही,
चीप काढता येत नाही, कोयता कसा धरतात माहीत नाही.
माझ्यात एकही सुधारणा झालेली नाही.
"कामाला," म्हणालो,
"आधी जेवायला, मग कामाला."