हरकत नाही

फोटोत समुद्र होता, एवढंच मला दिसलं.
वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उघडणारी ऑफिसची खिडकी,
सप्टेंबरअखेरची संध्याकाळ,
झावळीआड अर्धा बुडालेला सूर्य,
अलीकडे टेबल, चहाचा कप,
आणि टेबलावर डाग पडू नये म्हणून
कपाखाली सरकवलेला एक कागद.

वर मी लिहिलं, रिटर्नांच्या हंगामातही जगायचं असतं.
सत्तावन्न जणांनी बदाम पाठवले.
त्यातले तिघे बँकेतले.

कागद शालन परुळेकरांच्या काजू कारखान्याचा.
मठ गावात जांभ्याच्या दोन खोल्या, एक बॉयलर,
एकोणीस बायका.
कपाच्या उजव्या अंगाला तीन ओळी उघड्या राहिल्या होत्या :
थकीत व्याज,
थकीत प्रॉव्हिडंट फंड,
आणि पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात,
मार्चपर्यंत चालेल?

प्रश्नचिन्हासकट.

वैजयंती तिथे बारा वर्षं बी फोडते.
चिकाने बोटांची टोकं इतकी जळलीत
की रेशन दुकानातलं यंत्र तिला ओळखत नाही,
दर महिन्याला म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
फोनच्या काचेला ठशाशी देणंघेणं नसतं.
तिने त्याच दोन बोटांनी फोटो ताणला,
सूर्य कडेला सारला,
कपापाशी थांबली,
वाचलं.

दुसऱ्या दिवशी एकोणिसांतल्या अकरा जणी कामावर आल्या.
तिसऱ्या दिवशी बीवाला रोख मागू लागला.

सतरा मिनिटांत काढला हो मी फोटो,
असं मी तेंडोलकर वकिलांना सांगितलं.
ते जिन्याखालच्या खोलीत बसतात.
पत्र्याची पाटी गंजलीय, आडनावातला 'क' गेलाय,
तुमचं एक पेज तरी काढा,
असं मीच त्यांना दोन वर्षं सांगत आले होते.
म्हणाले, "चाळीस वर्षां कोर्टातसून सायकलीन घराक जातंय.
वाटेत सगळे इचारतत, केशीचा काय झाला?
मी सांगतंय, पाऊस येतलो."
जानेवारीत सुद्धा?
"जानेवारीत तर कोण दुसरो प्रश्नच इचारीत नाय."
मग ते आपल्या वकीलपत्राकडे वळले.
होतं असं, एवढं म्हणतील म्हणून
मी आणखी थोडा वेळ उभी राहिले.

शालनताई भांडायला येतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं,
नोटिशीला देतात तसं, कलमवार.
एक, नाव कुठेही दिसत नव्हतं.
दोन, हेतू समुद्र दाखवण्याचा होता.
तिसऱ्या कलमापर्यंत मी मला पटले होते.

त्या आल्या नाहीत.
सावंतवाडीहून रजिस्टर पत्र आलं :
आपण आजवर पाहत असलेले काम
यापुढे आमच्याकडे सोपवण्यात येत आहे,
ते स्वीकारण्यास आपली काही व्यावसायिक हरकत असल्यास
कळवावे.

नियमच आहे तो.
जुन्याला विचारल्यावाचून नव्याने काम घेऊ नये.
घर सोडून जाताना दार वाजवावं,
तशातली गत.

फायली बांधल्या. नऊ वर्षं, चार गठ्ठे.
तो कागद सापडला, त्यावर कपाचं तपकिरी कडं,
टेबल वाचलं होतं.
रबर हातात घेतलं, पेन्सिल खोडावी म्हणून.
ठेवलं.
लिहिलं, माझी काही हरकत नाही.
खाली अजून एक ओळ हवी होती,
ती कोणाला लिहायची ते ठरेना.

पोस्टात काउंटरवर आनंद खवणेकर होता,
सत्तावन्नांतला एक.
पाकिटावरचा पत्ता वाचून वाकून म्हणाला,
"मॅडम, शालनबायचो कारखानो खराच बंद होतलो?"

पाऊस येतलो, मी म्हटलं.

त्याने दाराबाहेर पाहिलं.
रस्त्यावर लख्ख ऊन, कोणीतरी वाळत घातलेली सुंगटं.
मग त्याने पाकीट काट्यावर ठेवलं
आणि म्हणाला,
वजन जास्त आसा, अजून बारा रुपये पडतले.