मापाचा फेटा

सकाळी सातला दसरा चौकात, मांडवात पोचलो,
रिक्षात दोन पेट्या. बेचाळीस फेटे, भाड्याचे.
माहिती खात्याचा माणूस म्हणाला,
"मंत्रीसाहेब दहाला येतील,
डोकी साडेनवाला तयार पाहिजेत."
डोकी. असंच म्हणाला तो.

तीस वर्षं पापाच्या तिकटीला मीही डोकीच बघतोय.
नवरदेवाचं हलतं, पुढाऱ्याचं फिरतं,
या माणसांचं थांबतं.
हनुवटी आपोआप वर,
नजर मांडवाच्या कापडापलीकडं कुठंतरी.

सुभेदार खोतांच्या कानामागं खाच,
बोट बसेल एवढी.
पीळ तिथं आला की कापड घसरायचं.
"एकाहत्तरची आहे," ते म्हणाले, "जरा वरनं घ्या."
वरनं घेतलं.
दस्तगीर मुल्लाणींना आरसा दिसत नाही.
चाचपून म्हणाले, "तुरा सावधानमध्ये हाय न्हवं?"

कडेच्या खुर्चीवर तानुबाई वागवेकर,
मांडीवर पिशवी, पिशवीत फोटो.
"ह्यालाबी बांधा."
म्हटलं, आजी, फोटोला हार घालतात.
"हार नगं. लगीन ठरलं हुतं त्येचं."
आणि तिनं दोन्ही हातांनी हवेत
एक डोकं धरलं.
हात हलेनात तिचे.
मी खाली बसलो, गुडघ्यावर फेटा बांधला
आणि नेऊन त्या हातांत ठेवला.
सैल नाही, घट्ट नाही.

साहेब सव्वाबाराला आले.
भाषणात मातीचं ऋण होतं, निधी होता,
स्मारकाची जागा होती; ती अजून व्हायचीय.
मग यादी.
"वीर जवान संपत वागवेकर यांच्या मातोश्री..."
तानुबाई उठली नाही.
पुन्हा पुकारलं. नाही उठली.
"साताप्पा," ती बसल्या जागेवरनं म्हणाली.
माइक नव्हता तिच्याकडं.

साहेबांनी कागद बघितला,
पीएकडं बघितलं,
कागद घडी करून खिशात घातला
आणि तीन पायऱ्या उतरून खाली आले.
वाकले तेव्हा त्यांचा फेटा
(गाडीतच घाईत बांधलेला, माझीच चूक)
डोळ्यावर आला. त्यांनी तो सावरला नाही.
काय बोलले, ऐकू आलं नाही.
वर जाऊन नाव घेतलं, सगळं, बापाच्या नावासकट.
कुणी हुकूम दिला नव्हता,
पण खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला
आणि दस्तगीरभाई उभे राहिले, भलत्याच दिशेला तोंड करून,
ताठ.

पुढं शाल, नारळ, फोटो.
साहेबांना कागलला दुसरा कार्यक्रम होता.

दुपारी फेटे मोजले. एक्केचाळीस.
"एक कमी हाय, बिलातनं कापतो," माहिती खात्याचा माणूस म्हणाला.
काप म्हटलं.
गारगोटीची एस्टी अडीचला सुटते.
गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून
ती हात तसेच धरून बसली असेल,
त्याच मापात.