अंगण खरंच वाकडं

टॉडमॉर्डनच्या या दगडी घरात
एकही कोपरा गुण्यात नाही.
पाणसळ टेकवली की बुडबुडा
रुसून एका टोकाला जाऊन बसतो.

दार अगदी कोपऱ्यात. चौकटीची नवी पट्टी उभी केली
तर वर टेकते, खाली टेकते,
मधे करंगळी जाते, अंगठीसकट.
दुकानातला क्लिफर्ड म्हणाला, फिलर भर, रंग मार,
कोण वाकून बघतंय?
मी बघते. रोज सकाळी, बूट घालताना.

पेन्सिलीच्या टोकाशी वायसर धरून
भिंतीच्या कडेनं वरून खाली आणला:
गिलाव्याचं तळाशी सुटलेलं पोट, बुजवलेली खुंटी,
कुणाची तरी घाईची थापी,
सगळं लाकडावर उतरलं.
मग रंधा. रेघेपर्यंत, रेघ न खाता.

सबब सांगितली की आमच्याकडे एकच उत्तर असायचं:
नाचता येईना, अंगण वाकडं.
पण जुनी पट्टी उचकटली तेव्हा मागे
सुताराच्या जाड शिसानं लिहिलेलं सापडलं होतं,
एच. सटक्लिफ, १९०८.
भिंत वाकडी. माझा दोष नाही.

एवढ्या वर्षांनी साक्षीदार मिळाला, गृहस्था.
खाली मी मराठीत लिहिलं:
अंगण खरंच वाकडं. वैजयंती गद्रे.
आणि वर पट्टी ठोकली,
सहा खिळे.

गुडघ्याच्या उंचीवर अजूनही
पोस्टकार्ड सरकत होतं.
तिथे थोडं फिलर भरलंय.
क्लिफर्डला सांगू नका.