चुकीच्या उत्तरांचा रकाना

अर्जात विचारलं होतं:
सामान्य वाचकाला समजेल असं, दोनशे शब्दांत,
तुमचं संशोधन.
मी लिहिलं, धातूला तडा दिसण्याआधी
त्याचा आवाज बदलतो.
माणसाच्या बोलण्याचंही तसंच असतं का, ते ऐकायचं आहे.
उरलेले शब्द
या दोन वाक्यांची माफी मागण्यात गेले.

दोन वर्षांची फेलोशिप.
परळला, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर टेबल मिळालं,
एमआरआयच्या खोलीच्या बरोबर वर.
दिवसभर पायांखाली कोणीतरी पत्रा ठोकत असतं.
मेंदूवाले मला फिजिक्सवाली म्हणतात.
पवईच्या माझ्या जुन्या लॅबमध्ये गेले
की तिथले म्हणतात, या डॉक्टर, जरा पाठ बघता का?
आंतरशाखीय म्हणजे
दोन घरचा पाहुणा.
अगदी उपाशी नाही,
स्टायपेंड तीन महिने उशिरा, पण येतो.

मंगळवारी इनास तुस्कानो येतात. वय एकाहत्तर.
छत्तीस वर्षं टांकसाळीत.
नाणं दगडावर टाकायचं, ऐकायचं,
बद्द वाजलं तर डावीकडे.
त्यांच्याबरोबर रेमेतीनबाई, पिशवीत डबा, मागच्या खुर्चीत.
सोबतच्या माणसाने बोलायचं नाही, हा नियम
मी दर वेळी वाचून दाखवते.

मग चित्रं.
मूळ चाचणीत बर्फाचं घर होतं, ते काढून
आम्ही अडकित्ता घातला.
त्यासाठी तीन बैठका आणि एक ठराव.

कुलूप.
'आपण घरी नाही, असं सांगतं ते.'
चूक.
छत्री.
'पोरं विसरून येतात ती.'
चूक.
अडकित्ता. बराच वेळ.
'ह्या दोन जावा. भांडल्या की सुपारी फुटते.'
चूक.

फॉर्मवर रकाने दोनच.
मी समासात लिहीत गेले, समास भरला,
मग कागद उलटा केला.

माझं खरं काम नावाआधीची शांतता मोजणं.
सप्टेंबरात सातशे मिलिसेकंद,
जानेवारीत दोन हजार शंभर.
समितीपुढे आलेख लावला.
रुग्ण किती, डॉ. गुर्जरांनी विचारलं.
एक, म्हटलं.
कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

एकदा चहाचे पैसे काढताना
माझ्या हातून सुटे फरशीवर सांडले.
खिडकीबाहेर बघत तुस्कानो म्हणाले,
'त्यातलं एक बद्द.'
त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य, न अडखळता.
मी पाच नाणी पवईला नेली,
एकेक वाजवून तरंग तपासले.
पाचही खणखणीत.
पण पडली होती सात.
दोन तोवर चहावाल्याला देऊन बसले होते.

आता आठ आठवडे राहिलेत.
गेल्या मंगळवारी कुलपाचं चित्र पुन्हा ठेवलं.
ते चित्राकडे बघत होते,
मग माझ्याकडे,
मग टेबलावर बोटाचं पेर आपटून
कान खाली नेला.
खालचं मशीन थांबलेलं होतं.
मागून रेमेतीनबाई अगदी हळू म्हणाल्या,
'कुलूप, ओ.'
नियमाप्रमाणे ही नोंद रद्द करायला हवी.
केलेली नाही.

मुदतवाढीच्या अर्जात
'साध्य झालेली उद्दिष्टं' अजून कोरं आहे.
'लागणारी साधनसामग्री' मात्र भरलं:
फॉर्मवर एक जास्तीचा रकाना. खर्च शून्य.
हिशेब खात्यातले दुदवडकर चष्मा वर करून विचारतात,
मॅडम, रकान्याला नाव काय देऊ?

मी तोंड उघडते.
ते पेन धरून थांबतात.