एकास पाचशे

माझ्या शहरात माणूस साडेतीन मिलिमीटर उंच असतो.
साडेतीन हातांचा देह म्हणतात,
तो मी चिमट्यात धरून
गोंदाच्या थेंबावर उभा करते,
श्वास रोखून,
नाहीतर उडून जातो.

श्चेचिनच्या जुन्या बंदरात, ओद्रेच्या काठी,
धान्याची कोठारं आणि गंजलेले रूळ
तीस वर्षं एकमेकांकडं पाठ करून पडलेले,
तिथं अकराशे घरं व्हायची आहेत.
दर पाचवं घर परवडणाऱ्या भाड्याचं.
आधी दर तिसरं होतं;
चार बैठकांत आकडा झिजला,
साबणाच्या वडीसारखा.

खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, मधून ट्राम,
ट्रामच्या शेवटी वळसा,
वळशाच्या पोटात चौक, चौकात लिंडन.
लिंडन म्हणजे वाळलेल्या शेवाळाचे गोळे,
आणि नदी म्हणजे निळसर काचेचा तुकडा,
जिला पूर येत नाही.

वितोल्ड, आमचा मुख्य नियोजक, भला माणूस.
रात्री उशिरा येतो, टेबलाला गाल टेकवून
या गल्लीतून त्या गल्लीत बघत राहतो.
म्हणाला, बोगुमिवा,
डिसेंबरात दुपारी दोनला चौकात ऊन येईल?
मी टेबलदिवा खाली धरला.
कोपऱ्यावरची अकरा मजली इमारत
चौकभर आडवी झाली, काळी.
त्यानं नखानं वरचा एक मजला उचलला.
एका मजल्यात सहा घरं.
सहा घरं तळहातावर घेऊन
तो बराच वेळ उभा होता.
मग परत ठेवली.

सुनावणीला शाळेचं व्यायामगृह भरलेलं.
दीड तास पार्किंगमध्येच गेला.
मग मागच्या रांगेतून एक बाई उठली,
यादविगा, एकतीस वर्षं ट्राम चालवणारी.
मॉडेलभोवती फिरून वळशापाशी थांबली,
चष्मा कपाळावर चढवला.
"शेवटचा थांबा हाच ना?
मग ड्रायव्हरनं लघवीला कुठं जायचं?"

हसू फुटलं. आधी मागं, मग पुढं.
ती हसली नाही.
"वळायला चार मिनिटं देतात.
एकतीस वर्षं मी सकाळचा चहा पीत नाही."

उत्तर मिळालं, सूचनेची नोंद घेतली आहे.
नोंद म्हणजे काय ते मला विचारा,
कपाटात नोंदींचे सात खोके आहेत
आणि किल्ली कुणाकडं आहे, याचीही एक नोंद.

त्या रात्री उरलेलं बाल्सा लाकूड कापलं,
आठ बाय सहा मिलिमीटर.
छप्पर लावलं, दार कोरलं,
दाराबाहेर काडीच्या ढलपीचा बाक,
आणि वळशाच्या आत, लिंडनच्या आड,
चिकटवून टाकलं.
नकाशात नसलेलं मॉडेलात घालणं
आमच्या धंद्यात चोरी समजतात.
घातलं.

पुढं मॉडेलचे फोटो निघाले,
फोटोंवरून पत्रकं, पत्रकांवर मंजुरी,
आणि मंजूर चित्राशी नकाशा जुळेना
तेव्हा कुणा नव्या पोरानं
नकाशाच दुरुस्त केला:
बांधकाम ४२ अ, उपयोग माहीत नाही.
पाण्याची लाइन मात्र ओढली. शहाणं पोर.

नऊ वर्षांनी काल तिथं गेले.
निम्मी कोठारं अजून तशीच, जाळीमागं.
यादविगा पहिली ट्राम सुटण्याआधीच निवृत्त झाली;
आता सकाळी चहा घेते का, कुणाला विचारणार.
एक तरुण ड्रायव्हर कोटाची बटणं लावत बाहेर आला,
म्हणाला, रांगेत आहात का?
नाही, म्हटलं, बसलेय जरा.

दोन वाजले होते. सावली बरोबर वेळेवर आली.
वर पाहिलं. अकराव्या मजल्यावर सहांपैकी पाच खिडक्यांत दिवे,
एकीत लहान मुलाचे मोजे वाळत टांगलेले.

बाक जरा उंच झालाय.
पाय जमिनीला टेकत नाहीत.
चूक माझीच,
अर्ध्या मिलिमीटरची.