चाटण

भिवापूरच्या अलीकडे डांबरी सुटली की
साडेसहा किलोमीटर आत.
सातबाऱ्यावर नुसतं 'पडीत' लिहिलंय.
घरात आम्ही तिला शिकारीची जमीन म्हणतो,
शिकार बंद होऊन माझ्या वयाइतकी वर्षं झाली तरी.

आजोबांची वही आहे, हिरव्या पुठ्ठ्याची.
होळीपर्यंत गवत जाळू नये.
नाल्याकाठचे सहा मोह वेचू नयेत, फुलं खाली राहू द्यावी.
ज्वारीच्या शेवटच्या चार ओळी त्यांच्या.
पाडसाची आई सोडावी.
शिंगावर मखमल असेतो नर सोडावा.
दर अवसेला चाटणावर पाच शेर मीठ.
इतकं जपणं त्यांनी
घरातल्या कुणाच्या वाट्याला येऊ दिलं नाही.
आणि समासात, बारीक अक्षरात,
मचाणापासून चाटणापर्यंतचं अंतर:
बेचाळीस पावलं.

बंदूक ठाण्यात जमा झाली. बाबांनी पावती जपली
आणि मीठ चालू ठेवलं.
का, ते मी विचारलं नाही.
त्यांच्यानंतर मीही चालू ठेवलं.

इतवारीतला दुकानदार दर वेळी विचारायचा,
लोणच्याचा धंदा आहे का ताई?
मी हो म्हणायचे.
खडेमिठाचं पोतं, डिकीत सांडलेला चुरा,
आणि फाटकाशी सुकलू पंधरे,
ज्याचा बाप आमच्या आजोबांच्या हाक्यात
डबे वाजवत पळायचा.
"त्याला मुंडकं भेटे," सुकलू सांगतो, "मांस बंगल्यावर जाये."
सांगतो आणि पोतं खांद्यावर घेतो.

शिरीष पुण्याहून फोन करतो.
चार तंबू टाकू, शनिवार-रविवार बुकिंग.
चितळं तर आयतीच येतात.

येतात खरी.
दिवस कलला की आधी एक मादी, कान दोन दिशांना,
मग झुडपातून सुटे सुटे ठिपके,
त्यांची हळूहळू जनावरं होतात.
वारा पडलेला असला तर
मचाणावर जिभांचा आवाज येतो,
कोरड्या सतरंजीवर कुणी खराटा फिरवावा तसा.
मला वाटायचं, मी फेडते आहे.
खरं तर मी नुसती पाहत होते,
आणि तेवढ्यासाठी ती उघड्यावर उभी राहत होती.

जानेवारीत दडमल मॅडमचा फोन.
वनरक्षक, नवीन पोस्टिंग, मोटरसायकलवर एकट्या फिरतात.
वरच्या खांबावर आकडा टाकून
कुणीतरी तार ओढली होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
बरोबर चाटणाच्या वाटेवर.
नर होता. जिभेवर मीठ तसंच.
अंतर मोजायची गरज नव्हती.

पंचनाम्यावर सही करताना मी विचारलं,
कोण असेल?
त्यांनी पेनचं टोपण लावलं.
"बोलावता तुम्ही, मॅडम.
बाकीचे नुसते येऊन बसतात."

मग म्हणाल्या, रायमुनिया उपटा, गवताला जागा होईल.
नाल्यावर दोन दगडी बांध घाला.
खायला घालू नका.
आणि तुम्ही जरा कमी या.

आम्ही चाटण खणून काढलं. हातभर खोल,
तीन ट्रॉल्या माती.
सुकलूनं खड्ड्यातली चिमूट जिभेवर ठेवली, थुंकला.
"खाली अजून खारटच हाये बाई."
पुढच्या आठवड्यात खड्ड्यात खुरांचे ठसे,
कडा गुळगुळीत.
आणखी हातभर खणलं.
पुन्हा ठसे.
आता नाही खणत.
शिरीषला म्हटलं, तंबू नकोत. तो काही बोलला नाही.

अर्धं पोतं बाल्कनीत पडून होतं.
मे महिन्यात कैऱ्या आणल्या,
मोहरी फोडली, बरण्या उन्हात ठेवल्या,
एक पुण्याला धाडली.
वहिनीचा फोन आला,
यंदा हात जरा जड पडला का हो?
मी म्हटलं, हो,
पोतं संपवायचं होतं.